उभ्या गाडीची काच ‘आपोआप’ फुटली, तर काय करावे

सकाळी कामावर निघताना गाडीपाशी जावे, तर मागच्या दाराची काच जागेवर नसावी, सीटवर आणि खाली फरशीवर हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा सडा पडलेला असावा, आणि तरीही गाडीतली एकही वस्तू हललेली नसावी, हा अनुभव ज्यांना आला आहे त्यांच्या मनात पहिला प्रश्न ‘कोणी फोडली?’ हाच येतो. दगड दिसत नाही, दाराला पोचा नाही, शेजारच्या गाड्या धडधाकट आहेत, आणि रखवालदार म्हणतो की रात्रभर काही आवाज झाला नाही. अशा प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा शोधता येते. परंतु बहुतेक जण ते शोधण्याआधीच खराटा हातात घेतात आणि उत्तर केराबरोबर निघून जाते. म्हणून येथे सांगितलेल्या क्रमात झाडलोट बरीच उशिरा येते.

हात लावण्यापूर्वी

फुटलेल्या काचेचे दार लगेच उघडू नये. चौकटीच्या रबरात अडकून राहिलेले तुकडे दार हलताच खाली येतात, आणि काच नेमकी कोणत्या कोपऱ्यापासून फुटली असावी हे सांगणारा उरलासुरला पुरावा त्यांच्याबरोबर जातो. त्याच कारणासाठी काच वर-खाली करण्याचे बटण अजिबात दाबू नये; दाराच्या पोटात पडलेले तुकडे त्या यंत्रणेच्या तारेत किंवा दात्यांत अडकले, तर काचेच्या खर्चात आणखी एका सुट्या भागाचा खर्च वाढतो.

मोबाइलने आधी दुरून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, ज्यांत गाडीची जागा, शेजारची झाडे, भिंत, वरचा सज्जा आणि क्रमांकाची पाटी दिसेल. नंतर जवळून फुटलेली चौकट, आतली सीट, पायाखालचा भाग आणि बाहेरची जमीन टिपावी. तुकडे आत जास्त आहेत की बाहेर, याची नोंद जरूर करावी, मात्र त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये, कारण अशी काच फुटते तेव्हा तिच्यातला साठलेला ताण मोकळा होऊन तुकडे दोन्ही बाजूंना उडतात. बहुसंख्य तुकडे आत असतील तर बाहेरून आघात झाल्याची शक्यता वाढते, एवढेच त्यातून म्हणता येते. एखाद्या तुकड्यातून काही वेळ तडतड ऐकू येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. सुटे झालेले मोठे तुकडे पुढेही थोडे फुटत राहतात.

सोसायटीत किंवा समोरच्या दुकानावर कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण त्याच दिवशी मागावे, कारण ही यंत्रे जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेत असतात. गाडीचा अलार्म वाजला नाही म्हणून कोणी आलेच नव्हते असे समजू नये. अनेक गाड्यांचा मूळ अलार्म दार उघडले तरच वाजतो, काच फुटल्याने नाही.

ही काच अशी का फुटते

समोरची काच आणि बाजूची काच या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत. समोरची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर घालून केलेले सँडविच असते, त्यामुळे तिला तडा गेला तरी ती जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. अशी काच सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडले जातात. पृष्ठभाग झटकन थिजतो, गाभा मागाहून थंड होऊन आकसू पाहतो, आणि या ओढाताणीत बाहेरचे थर कायमचे दाबाखाली तर आतला गाभा कायमचा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती साध्या काचेच्या कितीतरी पट मजबूत असते. परंतु एखादी चीर बाहेरचा दाबाचा थर ओलांडून गाभ्यात शिरली, की ती सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पसरते आणि सबंध काचेचा भुगा होतो. अर्धवट फुटणे तिला ठाऊकच नाही. तुकडे असे बारीक होणे हा दोष नसून ती सुरक्षेची अट आहे: संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-काचेसंबंधीच्या नियम क्रमांक ४३ नुसार चाचणीत फोडलेल्या काचेच्या ५ सेंटिमीटर गुणिले ५ सेंटिमीटर चौकोनात किमान ४० तुकडे व्हावे लागतात, जेणेकरून प्रवाशाला सुऱ्यासारखे लांब टोक लागू नये.

दाबाचा हा थर जाडीच्या साधारण एकपंचमांश खोल असतो. बाजूची काच सामान्यतः तीन ते चार मिलिमीटर जाड धरली, तर पाऊण मिलिमीटरचा टवकासुद्धा तिचा जीव घ्यायला पुरेसा ठरतो, आणि तो टवका सर्वांत सहज उडतो कडेला. कडा मात्र रबराच्या खाचेत आणि दाराच्या पोटात लपलेली असते. टवका उडाल्यानंतर काच लगेच फुटेलच असे नाही. चीर गाभ्याच्या उंबरठ्यावर थांबते, दार आपटल्याचे धक्के, खड्ड्यांतले हादरे आणि उन्हाचा चढ-उतार सोसत आठवडे किंवा महिने काढते, आणि एखाद्या दुपारी, गाडी निवांत उभी असताना, पुढे सरकते. ‘आपोआप’ हा शब्द त्यामुळे फुटण्याच्या क्षणाला लागू पडतो, कारणाला नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, बंद गाडीतली हवा त्याहून पुष्कळ तापते, आणि मग काच ‘उन्हाने फुटली’ असे सर्रास म्हटले जाते. टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा तापमानफरक सोसू शकते. निव्वळ उन्हाने किंवा तापलेल्या गाडीवर पाणी मारल्याने धडधाकट काच फुटत नाही. ऊन हे निमित्त असते, आणि आधीच दुखावलेल्या काचेसाठी ते पुरेसे असते. बंद गाडीत हवेचा दाब वाढून काच फुटते हीसुद्धा कल्पनाच आहे, कारण गाडी हवाबंद नसते. याला अपवाद एकच: आत राहिलेला सुगंधी फवाऱ्याचा डबा, लायटर किंवा असाच दाबाखालचा वायू. अशा डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असे छापलेले असते, आणि उन्हातली गाडी ती मर्यादा सहज ओलांडते. आत फाटलेला डबा आणि उग्र वास सापडला तर पुढचा शोध संपला असे समजावे.

निकेल सल्फाइडचा उल्लेख न करणे बरे नव्हे, कारण इंटरनेटवर शोधणाऱ्याला हे नाव पहिल्या पाच मिनिटांत भेटते. काच वितळवताना तिच्यात या संयुगाचा एखादा सूक्ष्म खडा राहून गेला, तर ३७९ अंशांखाली त्याचे स्फटिकरूप सावकाश बदलत राहते आणि तो दोन ते चार टक्क्यांनी फुगतो. तो ताणाच्या गाभ्यात बसलेला असेल तर वर्षांनंतरही काच आतून फुटू शकते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आयसीआय हाउस या उंच इमारतीच्या काचा अशा फुटू लागल्यावर १९६१ साली बॅलेन्टाइन या संशोधकाने हा खडा कारण म्हणून दाखवून दिला. तथापि इमारतींच्या जाड, अवाढव्य काचांच्या तुलनेत गाडीची काच पातळ आणि लहान असते, त्यामुळे तिच्यात हा प्रकार विरळा. प्रत्येक फुटलेल्या काचेवर हे निदान चिकटवणे म्हणजे प्रत्येक तापाला दुर्मीळ रोग म्हणण्यासारखे आहे.

कारणाचा माग

शोधाला सुरुवात गाडीच्या आतून करावी, आणि ती हातमोजे घालून करावी. सीटच्या फटी, दाराचा कप्पा, सीटबेल्टचे कुलूप आणि पायाखालची चटई येथे खडा, गोटी, लोखंडी छर्रा किंवा पांढरा कठीण चिनी मातीचा तुकडा सापडतो का ते पाहावे. काच फोडून लॅपटॉप लांबवणारे चोर मोठा दगड वापरत नाहीत. बेचकीतून सोडलेला छर्रा पुरतो, आणि एखाद्या वाटसरूने चाहूल दिली की ते काहीही न घेता निघून जातात. तेव्हा ‘काही चोरीला गेले नाही’ म्हणजे ‘चोर आला नव्हता’ असे होत नाही. ग्लोव्ह बॉक्स उघडा आहे का, दाराचे कुलूप आतून सुटलेले आहे का, मागच्या सीटवर पिशवी किंवा बॅग दिसेल अशी ठेवली होती का, हे आठवावे.

त्यानंतर बाहेर यावे आणि फुटलेली बाजू कशाच्या समोर आहे ते पाहावे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझा पहिला संशय गवत कापण्याच्या यंत्रावर असतो, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या काचेचा असाच चुरा झाला तेव्हा मी आमच्या सोसायटीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना दुपारभर जाब विचारत होतो. संध्याकाळी दारावर ओल्या गवताचे बारीक तुषार चिकटलेले दिसले, आणि सीटबेल्टच्या खाचेत तुरीच्या डाळीएवढा खडा मिळाला. लॉनवर सकाळी यंत्र फिरले होते. त्या यंत्राची फिरणारी नायलॉनची दोरी किंवा पाते खडा इतक्या वेगाने फेकते की पाच-दहा मीटरवरची काच जाते, आणि यंत्राच्या घरघरीत व कानावरच्या टोपीत कामगाराला काही कळतही नाही. मुलांची माफी मागावी लागली, हे सांगायला हवे. या प्रकारात गाडीची फुटलेली बाजू हिरवळीकडे असते, रंगावर एखाददुसरा टाचणीच्या डोक्याएवढा खळगा दिसतो, आणि शेजारच्या गाड्यांवरही गवत चिकटलेले असते.

वर पाहायलाही विसरू नये. कोकणात आणि गोव्यात नारळाखाली गाडी लावण्याचा धोका कोणी सांगायला नको, पण नारळ आधी पत्रा चेपतो. पत्र्याला काहीच झाले नसेल तर नारळाला दोष देता येत नाही. उन्हाळ्यात कैऱ्या पाडण्यासाठी मारलेले दगड, वरच्या मजल्यावरचे बांधकाम आणि सज्जातल्या कुंड्या यांचा विचार मात्र करावा.

बाहेर काहीच सापडले नाही, तर मग गाडीचा इतिहास तपासावा. त्या दाराचे डेंटिंग-पेंटिंग, कुलपाचे काम किंवा स्पीकरची जोडणी गेल्या वर्षभरात झाली होती का? काच धरून ठेवणारा खालचा बोल्ट जास्त आवळला गेला किंवा पान्याचा निसटता घाव कडेला बसला, तर टवका तेथेच उडतो. पाऊस आत येऊ नये म्हणून खाचेत बसवलेला व्हायझर हा दुसरा संशयित. हलक्या प्रतीचा व्हायझर काचेच्या वरच्या कडेला एका बाजूस दाबत राहतो, आणि काच वर जाताना अडखळत होती किंवा शेवटच्या बोटभर अंतरात करकरत होती असे आठवले तर उत्तर जवळ आले. ऊन अडवणारी फिल्म काचेवरच ब्लेडने कापून बसवली असेल तर कडेलगत ओरखडे राहतात.

फिल्म असण्याचा एक फायदा येथे होतो. फुटलेली काच फिल्मला चिकटून जागेवर राहते, आणि तिच्यातल्या रेषा ज्या बिंदूपासून सर्व बाजूंना पसरलेल्या दिसतात तोच आरंभबिंदू. तो काचेच्या मध्यावर असून तेथे लहानसा खळगा असेल तर आघात. अगदी कडेला असेल तर कडेचा टवका. आणि मध्यावर असूनही पृष्ठभागावर खळगा नसेल, उलट फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांना टेकलेले दिसत असतील, तर त्या दुर्मीळ निकेलच्या खड्याचा विचार करण्यास जागा आहे. असे असेल तर तो भाग चिकटपट्टीने तसाच धरून काढून ठेवावा. नव्या गाडीची वॉरंटी मागताना ‘काच फुटणे समाविष्ट नाही’ हे उत्तर हमखास मिळते, आणि आरंभबिंदूचा तुकडा किंवा त्याचे स्पष्ट छायाचित्र याशिवाय त्या उत्तरापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

तक्रार आणि विमा

वस्तू गेली असेल तर पोलीस ठाण्यात रीतसर फिर्याद द्यावी. केवळ काच फुटली असेल तर पुष्कळदा अदखलपात्र नोंद, म्हणजे ज्याला आपण एनसी म्हणतो ती, होते. तिची प्रत विम्यासाठी आणि सोसायटीशी बोलण्यासाठी उपयोगी पडते. गवत कापणाऱ्या ठेकेदाराकडून भरपाई मागायची असेल तर सोसायटीच्या कार्यालयात त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.

विम्याचा दावा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत ही भरपाई मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण असलेली पॉलिसी लागते. काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही ही जमेची बाजू. परंतु १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आपल्याला सोसावेच लागतात, आणि दावा केल्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. समजा बोनसपूर्वीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्यामुळे ५० टक्के बोनस मिळतो आहे. बसवण्यासकट काचेचे बिल ३,५०० रुपये झाले तर विमा कंपनी २,५०० रुपये देईल, आणि पुढच्या वर्षी सूट जाऊन ४,००० रुपये जास्त भरावे लागतील. पुन्हा ५० टक्क्यांवर पोचायला पाच वर्षे लागतील ते निराळेच. बोनस राखणारे जोड-संरक्षण घेतले असेल तर हिशेब बदलतो. दावा करायचाच असेल तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी काच बदलू नये.

साफसफाई आणि तात्पुरते झाकण

जाड हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा एवढी तयारी करून मोठे तुकडे हाताने उचलावेत, उरलेले व्हॅक्यूम क्लीनरने ओढावेत. ओल्या फडक्याने सीट पुसण्याचा मोह टाळावा, कारण कापडात गेलेले कण सीटच्या विणीत अधिकच रुततात. चिकटपट्टी उलटी करून टिपणे त्याहून बरे. सीट पुढे-मागे सरकवून तिच्या रुळांतला चुरा काढावा. लहान मुलाची सीट त्या बाजूस असेल तर ती पूर्ण सोडवून, कापड काढून झटकल्याशिवाय मुलाला तिच्यावर बसवू नये.

चौकट झाकण्यासाठी जाड, पारदर्शक प्लास्टिकचा ताव घ्यावा. खाकी पॅकिंगची पट्टी थेट रंगावर लावली तर उन्हात तिचा डिंक रंगाला धरतो, म्हणून आधी रंगकामाची कागदी पट्टी आणि तिच्यावर पॅकिंगची पट्टी लावावी. पावसाळ्यात ताव दाराच्या आतल्या बटणांपर्यंत पोचलाच पाहिजे, कारण पाणी शिरलेली पॉवर विंडोची बटणे महागात पडतात. पुढच्या दाराची काच गेली असेल तर तावातून बाजूचा आरसा नीट दिसत नाही. अशा वेळी गाडी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यावी.

नवी काच बसवताना

काच घेण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यावरचा ठसा वाचावा. त्यावर उत्पादकाचे नाव, टफन्ड असल्याची खूण, आयएस २५५३ हे भारतीय मानक आणि अनेकदा वर्तुळातले ‘ई’ अक्षर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार मान्यतेची खूण, असते. ठशाविना काच कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जुनी गाडी विकत घेतली असेल तर चारही दारांच्या ठशांची तुलना करणे मनोरंजक ठरते. एकाचाच ठसा वेगळा निघाला तर ती काच पूर्वीही बदललेली आहे, आणि पुन्हा तीच फुटली असेल तर दोष काचेत नसून त्या दाराच्या चौकटीत किंवा यंत्रणेत शोधावा. फिल्मचा विचार असेल तर बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा हा नियम ध्यानात ठेवावा.

काम चालू असताना शक्यतो समोर उभे राहावे. कारागिराने दाराचे आतले आवरण काढून पोटातला सगळा चुरा उपसला पाहिजे. वरून काच सरकवून अर्ध्या तासात मोकळा होणारा कारागीर हा चुरा तसाच ठेवतो, आणि मग प्रत्येक खड्ड्याला दारात खुळखुळा वाजतो. दाराच्या तळाला पाणी जाण्याची लहान भोके असतात, ती चुऱ्याने बुजली तर पावसाचे पाणी आत साचून पत्रा गंजतो. आवरणामागचा प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवायला सांगावे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर दारातच असतो आणि तो पडदा त्याच्यासाठीही लागतो. एका दाबात वर जाणारी काच असेल तर तिची मर्यादा यंत्रणेला पुन्हा शिकवावी लागते, तो क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शेवटी काच पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करून, ती कोठे अडते का आणि व्हायझरला घासते का ते पाहावे, आणि ती अर्धी खाली असताना वरच्या कडेवरून मऊ फडके फिरवून टवका नसल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

पहिल्या धुण्यात दाराखालच्या भोकांतून पाणी वाहते का ते पाहावे. एवढे करूनही सीटच्या फटींतून आणि चटईखालून पुढचे दोन-तीन महिने एखादा चकाकता कण निघत राहतो, म्हणून तोवर गाडीत अनवाणी पाय टेकू नयेत आणि मागच्या सीटवर हात ठेवून आत सरकण्याची मुलांची सवय थोडी लांबणीवर टाकावी.